नसलेल्या भाराभोवतीचा प्रकाश

जुलै २०२१. पंचगंगेला महापूर आला होता, कोल्हापूरकडे जायची वाट बंद होती आणि मी शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या घरी माळ्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. लाइट आणि रेंज दोन्ही एकाच वेळी असतील तेवढा वेळ कंपनीचा, बाकीचा माझा. त्या उरलेल्या वेळात मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहीत होतो. कृष्णविवराजवळून जाणाऱ्या प्रकाशकिरणांच्या वाटा काढायच्या, कुठले किरण गिळले जातात आणि कुठले वळसा घालून सुटतात ते बघायचं, आणि त्यावरून कृष्णविवराची सावली केवढी दिसेल ते मोजायचं. साधं कृष्णविवर जमलं होतं. आता त्याला विद्युतभार द्यायचा होता.

भार दिला आणि सावली मोठी झाली. ती लहान व्हायला हवी होती. पुस्तकातल्या सूत्रावरून ४.३२ हा आकडा यायला हवा होता, माझा प्रोग्रॅम ठामपणे ५.८१ सांगत होता.

आबा खाली ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर तीन दिवसांपूर्वीचा होता, पण पुरात तेवढी सूट द्यावी लागते. आबा म्हणजे माझे आजोबा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित आणि बाकी सगळंच शिकवून निवृत्त झालेले. मी चहाला खाली आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तोंड का पाडलंयस?" मी सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रकाशाला सोत्ताचा भार असतो का?"

"नाही आबा."

"मग त्या विवराला भार असला काय, नसला काय, प्रकाशाला कशापायी फरक पडावा?"

ही शंका मला दोन आठवड्यांत एकदाही आली नव्हती. सूत्रात भाराचा वर्ग होता म्हणून मी तो कोडमध्ये घातला होता, इतकंच. आबांचं समाधान करायला मला त्या सूत्राच्या जन्मापर्यंत मागं जावं लागलं. तिथून परत येताना वाटेत बर्लिन, हेलसिंकी, बनारस आणि पुणं लागलं, आणि मधेच कोल्हापूरही.

आधी आबांची शंका. कृष्णविवराचा भार प्रकाशाला ढकलत नाही आणि ओढतही नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण भाराभोवती विद्युतक्षेत्र असतं, त्या क्षेत्रात ऊर्जा असते, आणि आइन्स्टाइनच्या हिशेबात ऊर्जा म्हणजे वस्तुमानच. भारित कृष्णविवराचं आपण लांबून जे वस्तुमान मोजतो त्यातला काही हिस्सा विवरात नसतोच, तो आजूबाजूच्या क्षेत्रात पसरलेला असतो. हे मी आबांना वाड्यांवरून सांगितलं. आमच्या भागात गाव एकगठ्ठा नसतं. गावठाण एका ठिकाणी, आणि दोन-चार वाड्या, एखादा धनगरवाडा डोंगराच्या अंगाखांद्यावर. ग्रामपंचायतीच्या फलकावर लोकसंख्या लिहिलेली असते, समजा बाराशे. हमरस्त्यावरून जाणाऱ्याला गाव बाराशेचंच. पण चालत चालत गावठाणाच्या वेशीपर्यंत आलात की वाड्यांवरची माणसं तुमच्या पाठीमागं, डावीकडं, उजवीकडं राहिलेली असतात. पुढ्यात उरतात ती फक्त गावठाणातली आठशे. गुरुत्वाकर्षणात चहूबाजूंनी सारखं पसरलेलं जे काही तुमच्या बाहेर राहतं, त्याची ओढ एकमेकांत फिटून जाते. म्हणून किरण विवराच्या जितका जवळून जाईल तितकं त्याला विवर हलकं भासतं. तो साध्या कृष्णविवराजवळ वळला असता त्याहून थोडा कमी वळतो, आणि सावली आक्रसते.

आबा म्हणाले, "हां. मग तुझं गणित चुकलंय." हे मला माहीत होतंच.

आकडे थोडे घरगुती करून सांगतो, पुढं लागतील. वस्तुमान लांबीत सांगायची एक सोय या विषयात आहे. सूर्याएवढं वस्तुमान म्हणजे सुमारे दीड किलोमीटर. दहा सूर्यांचं कृष्णविवर घेतलं तर ही लांबी पंधरा किलोमीटरला किंचित कमी. त्याचं घटनाक्षितिज, म्हणजे जिथून आत गेलेलं परत येत नाही ती सीमा, याच्या दुप्पट अंतरावर, सुमारे ३० किलोमीटरवर. तिपटीवर, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटरवर, प्रकाश वर्तुळात फिरू शकतो. मलकापूरहून कोल्हापूरला जायला साधारण तेवढंच अंतर पडतं. त्या वर्तुळावरचा प्रकाश फार काळ टिकत नाही, जरासा धक्का लागला की आत तरी पडतो नाहीतर बाहेर तरी सुटतो. आणि दुरून येणाऱ्या किरणाचा नेम केंद्रापासून ५.२ पटीच्या, म्हणजे ७७ किलोमीटरच्या आत असेल तर तो गेलाच. आपल्याला दिसणारी काळी सावली या शेवटच्या आकड्याएवढी असते. आता याच विवराला जास्तीत जास्त जितका मावेल तितका भार द्या. क्षितिज ३० वरून १५ वर येतं, प्रकाशाचं वर्तुळ ४४ वरून ३० वर, आणि ७७ चे ५९ होतात. पटीत सांगायचं तर ५.२ ची ४. माझा ४.३२ हा आकडा कमाल भाराच्या नव्वद टक्के भार धरून येणारा होता.

हे सूत्र पहिल्यांदा मांडलं हान्स राइसनर यांनी, १९१६ साली. आइन्स्टाइननं सिद्धान्त पुरा केल्याला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. हे गृहस्थ कोण म्हणून शोधलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. राइसनर इंजिनिअर होते. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक, आणि त्याआधी आखेनला असताना त्यांनी एक विमान बनवलं होतं. १९१२ मध्ये उडालेल्या त्या विमानाचं नाव 'एन्टे', म्हणजे बदक. शेपटीचे पंख पुढं आणि मुख्य पंख मागं, तेही नालीदार ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. लाकूड-कापडाच्या विमानांच्या काळात. हॉस्टेलवर माझा रूममेट मेकॅनिकलचा होता, त्याच्या पुस्तकात जाड प्लेट वाकण्याचा राइसनर यांच्या नावाचा सिद्धान्त होता आणि तो त्या नावाला रोज शिव्या घालायचा. तो राइसनर म्हणजे यांचा मुलगा एरिक. ज्यू वंशाचे म्हणून थोरल्या राइसनरना पुढं जर्मनी सोडून अमेरिकेत जावं लागलं. १९१६ साली त्यांच्या डोक्यात कृष्णविवर अर्थातच नव्हतं. ती कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. त्यांना इलेक्ट्रॉनचं गुरुत्वाकर्षण काढायचं होतं. गंमत म्हणजे त्यांचं सूत्र इलेक्ट्रॉनला लावलं तर भार वस्तुमानाच्या मानानं इतका प्रचंड निघतो (मावणाऱ्या भाराच्या दोन कोटी कोटी कोटी पट) की क्षितिज तयारच होत नाही. ज्याच्यासाठी शिवला त्याला सदरा बसला नाही.

दुसरं नाव गुन्नार नॉर्डस्ट्रॉम. फिनलंडचे. यांचीही पहिली पदवी हेलसिंकीच्या पॉलिटेक्निकची, इंजिनिअरिंगचीच. यांची गोष्ट मला जास्त लागते. आइन्स्टाइन चाचपडत होता त्या काळात, १९१२ ते १४ च्या दरम्यान, नॉर्डस्ट्रॉम यांनी गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा सिद्धान्त उभा केला होता. तो नीटनेटका होता, आइन्स्टाइननंही तो गंभीरपणे घेतला होता. त्यात एक गोष्ट वेगळी होती: नॉर्डस्ट्रॉम यांच्या सिद्धान्तात सूर्याजवळून जाणारा प्रकाश वळत नाही. पुढं आइन्स्टाइनचा सिद्धान्त आला, त्यात प्रकाश वळत होता. नॉर्डस्ट्रॉम हॉलंडमध्ये लायडनला होते. आपला सिद्धान्त कवटाळून न बसता त्यांनी प्रतिस्पर्ध्याचं गणित शिकून घेतलं आणि १९१८ साली त्यातच भारित गोलाचं सूत्र स्वतंत्रपणे मांडलं. म्हणून आज नाव घेतात ते राइसनर-नॉर्डस्ट्रॉम असं जोडीनं. दुसऱ्याच वर्षी २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात एडिंग्टन यांच्या मोहिमेनं ताऱ्यांचे फोटो काढले आणि प्रकाश वळतो हे दिसलं. सूर्याच्या कडेला पावणेदोन विकला असं आइन्स्टाइनचं भाकीत होतं. नॉर्डस्ट्रॉम यांचा स्वतःचा सिद्धान्त तिथं संपला. ते १९२३ साली वारले तेव्हा ४२ वर्षांचे होते.

माझ्या कामात मी पाहिलंय, आपलं डिझाइन फेकून दुसऱ्याच्या कोडमध्ये निमूटपणे फीचर लिहिणारा माणूस दुर्मिळ असतो.

*

यानंतर पन्नासेक वर्षं या सूत्राकडं फार कुणी गेलं नाही, आणि त्याला कारणही चांगलं होतं. भारित कृष्णविवर निसर्गात असणार कसं? दोन प्रोटॉनमधलं विद्युत ढकलणं त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीपेक्षा एकावर ३६ शून्यं इतकं पट मोठं असतं. विवराला थोडा जरी धन भार आला तरी ते भोवतालचे इलेक्ट्रॉन खेचून घेणार आणि धन कण झिडकारणार, आणि बघता बघता उदासीन होणार. हिशेब करून पाहिला. सूर्याच्या वस्तुमानाच्या विवराला काठोकाठ भरायला लागणारे इलेक्ट्रॉन तराजूत घातले तर भरतात सुमारे दहा लाख टन. आमच्या जिल्ह्यातला एखादा मोठा साखर कारखाना चांगल्या हंगामात तेवढा ऊस गाळतो. अख्ख्या सूर्याच्या मानानं हे काहीच नाही, आणि तरीही तेवढे इलेक्ट्रॉन एका जागी कोंडून ठेवायला निसर्गाकडं ताकद नाही.

हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "म्हंजे असलं विवर कुठंच न्हाई."

"बहुतेक नाही."

"मग नसलेल्या वस्तूचं गणित तुम्ही लोक कशापायी करता?"

या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. खरं तर हा प्रश्न मी स्वतःला बारावीनंतर विचारला होता आणि त्याचं उत्तर म्हणून इंजिनिअरिंगला गेलो होतो. फिजिक्सला जायची इच्छा होती. घरात कुणी अडवलं नाही. मीच ठरवलं की असल्या गणितांवर पोट भरत नाही, आणि ती करणारी माणसं कुठंतरी केंब्रिज-प्रिन्स्टनला असतात. तो निर्णय चुकला असं मला म्हणायचं नाही, पगार चांगला आहे. पण दुसरा भाग, 'ती माणसं कुठंतरी तिकडं असतात' हा, सपशेल खोटा होता. ते मला त्या पावसाळ्यात कळलं.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, १९०८ सालचा. मुंबईत शिकून ते केंब्रिजला गेले, रँग्लर झाले, आणि तिथं त्यांचा एडिंग्टन यांच्याशी जवळून संबंध आला. ग्रहणात प्रकाश वळताना मोजणारे तेच एडिंग्टन. १९३२ साली मदनमोहन मालवीय यांच्या बोलावण्यावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख म्हणून रुजू झाले. तेव्हा वय पंचविशीच्या आत होतं. पुढची अठ्ठावीस वर्षं त्यांनी तिथं सापेक्षतेवर काम करणारी मुलं तयार केली, तेही जगभरात हा विषय अडगळीत पडलेला असताना. भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा अणूच्या मागं धावत होते. सापेक्षता म्हणजे सुंदर पण निरुपयोगी गणित, असा रिवाज होता.

१९४२ मध्ये त्यांच्याकडं गुजरातमधून प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा तरुण आला, साठवलेल्या पैशांवर, बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन. दहा महिनेच राहिला. नारळीकरांनी त्याला सुचवलेला प्रश्न साधा होता: आपल्याकडचं सूत्र काळोख्या ताऱ्याचं आहे, पण खरे तारे प्रकाश फेकतात. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण काय? १९४३ मध्ये वैद्यांनी ते सूत्र काढलं आणि ते 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. आज ते जगभर वैद्य यांच्या नावानंच ओळखलं जातं. पुढं १९७० मध्ये बॉनर यांच्यासोबत त्यांनी त्याला विद्युतभारही जोडला. म्हणजे भारही आहे आणि प्रकाशही वाहतोय, अशी ती वस्तू. मधल्या काळात, १९४७ साली, कलकत्त्याचे सुधांशु दत्त मजुमदार यांनी दाखवलं होतं की काठोकाठ भार असलेल्या वस्तू शेजारीशेजारी ठेवल्या तर त्या जागच्या हलत नाहीत. ओढ आणि ढकल नेमकी फिटते. ही सगळी नसलेल्या वस्तूंचीच गणितं.

थोरले नारळीकर १९६६ मध्ये पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून आले. तिथं त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्यांत नरेश दधीच होते, मूळचे राजस्थानातल्या चुरूचे. ते पुढं विद्यापीठाच्या गणित विभागातच शिकवायला लागले. आणि १९७७ मध्ये 'जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल फिजिक्स'मध्ये नरेश दधीच आणि पी. पी. काळे यांचा निबंध आला, भारितही आणि फिरणाऱ्याही कृष्णविवराच्या विषुववृत्तावरच्या वर्तुळाकार वाटांबद्दल. अशा विवराचं सूत्र १९६५ मध्ये न्यूमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिलं होतं. आता त्याभोवती मुक्तपणे जाणाऱ्या वस्तूला वर्तुळात फिरायचं तर कुठं फिरता येतं, कुठं ती वाट टिकाऊ असते, कुठं नाही, हा प्रश्न होता. विवराच्या दिशेनं सरकत गेलं की जी शेवटची वर्तुळाकार वाट लागते ती प्रकाशाची. त्याच्या आत वर्तुळ नाही, फक्त पडणं आहे.

हा निबंध सापडला तेव्हा मी बराच वेळ पत्त्याकडं बघत बसलो. पुण्यात मी ऑफिसला जाताना गणेशखिंडीतून रोज जातो. विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला थांबून थांबून मला त्या फाटकाचा कंटाळा आला आहे. त्या फाटकाच्या आत, मी जन्मायच्या वीस वर्षं आधी, दोन माणसं वहीवर हे करत होती. हाताशी संगणक असा नसल्यातच जमा.

त्याच सुमाराचा आणखी एक प्रसंग इथं सांगायलाच हवा, भले तो थोडा आडवाटेचा असो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जगताप म्हणजे थोरल्या नारळीकरांचे चिरंजीव जयंत, हेही कोल्हापुरात जन्मलेले. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाबाईंकडून उतरवून घेतली होती. मला यात लपवाछपवीपेक्षा तारीख महत्त्वाची वाटते. कृष्णविवर हा शब्द मराठी वाचकाच्या हातात कथेतून पडला त्या काळात पुण्यात त्याच्याभोवतीच्या वाटांचं गणित सुरू होतं. बातमी आणि वस्तू बरोबरच आल्या होत्या. आपल्याकडं सहसा बातमी तीस वर्षांनी येते.

*

भारित कृष्णविवराच्या आत काय होतं ते मी थोडक्यात सांगतो, कारण तिथं माझा प्रोग्रॅम जात नाही आणि मीही जपूनच जातो. साध्या विवराला एक क्षितिज असतं, भारिताला दोन. आतल्या क्षितिजाशी प्रकाशाचं काहीतरी भयंकर होतं. रॉजर पेनरोज यांनी १९६८ मध्ये हे दाखवून दिलं. आत पडणारा माणूस त्या दुसऱ्या सीमेशी पोचेपर्यंत बाहेरच्या विश्वाचा उरलेला सगळा काळ, अनंत काळ, त्याच्या मागून प्रकाश पाठवत राहतो, आणि तो सगळा प्रकाश त्याला एका क्षणात गाठतो. त्याची ऊर्जा अमर्याद वाढलेली. त्यामुळं त्या सीमेपलीकडं दिसणारं जे सुंदर गणित आहे, दुसऱ्या विश्वात निघणारी दारं वगैरे, त्यावर फार विसंबू नये. चित्रपटवाले विसंबतात.

बाहेरच्या बाजूला मात्र एक दार १९७४ मध्येच किलकिलं झालं होतं. रॉबर्ट वाल्ड यांनी दाखवलं की फिरणारं कृष्णविवर चुंबकीय क्षेत्रात ठेवलं तर ते आपणहून थोडासा भार ओढून घेतं. 'निसर्ग सगळं उदासीन करतो' या वाक्याला ही पाचर होती. हा भार अवकाशकाळ वाकवण्याइतका मुळीच नसतो, प्रकाशाला तो जाणवणारही नाही. पण जवळच्या इलेक्ट्रॉन-प्रोटॉनना तो चांगलाच जाणवतो. १९८५ मध्ये संजय वाघ, संजीव धुरंधर आणि दधीच या तिघांनी 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये दाखवलं की फिरणाऱ्या विवरातून ऊर्जा काढायची पेनरोज यांनी सुचवलेली युक्ती, जी व्यवहारात निरुपयोगी म्हणून बाजूला पडली होती, विद्युत-चुंबकीय क्षेत्राच्या मदतीनं पुन्हा उभी राहू शकते. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या विवरावर किती भार असू शकतो याचा अंदाज २०१८ मध्ये एका गटानं बांधला. जास्तीत जास्त ३० कोटी कुलोम. आकडा मोठा वाटतो, पण त्या विवरात जेवढा मावू शकतो त्याच्या मानानं तो एकावर अठरा शून्यांतला एक भागही नाही. आबांचं 'न्हाई' तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

मग सावली आली, खरोखरची. १० एप्रिल २०१९ ला एम८७ दीर्घिकेच्या मध्यावरच्या विवराची प्रतिमा जाहीर झाली. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर, साडेसहा अब्ज सूर्यांचं वस्तुमान. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सगळ्यांसारखा मीही तो केशरी मेदुवडा व्हॉट्सॲपवर पुढं ढकलला होता. बातम्यांत म्हणत होते, आइन्स्टाइन पुन्हा बरोबर ठरला. मला तेव्हाही ते खटकलं होतं, का ते सांगता आलं नव्हतं.

आता सांगता येतं, आणि ते मला माझ्या धंद्यातून कळलं. आम्ही प्रोग्रॅमला टेस्ट लिहितो. जी टेस्ट कधी फेल होऊच शकत नाही ती पास झाली म्हणून कुणी पेढे वाटत नाही. वडा दिसला, ठीक. पण आइन्स्टाइनचं साधं विवर नसतं तर काय दिसलं असतं? सावली किती वेगळी असती? हे आधी कुणी काढून ठेवलं नसेल तर फोटो बरोबर आहे म्हणजे काय बरोबर आहे? फोटोच्या शेजारी धरायला दुसरं चित्र लागतं, चुकीचं असेल कदाचित, पण नेमकं आकड्यात काढलेलं.

२०२१ च्या मे महिन्यात, म्हणजे मी माळ्यावर बसायच्या दोन महिने आधी, असा एक निबंध आला. पहिले लेखक प्रशांत कोचरलाकोटा, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून पीएचडी करून फ्रँकफुर्टला गेलेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एम८७ च्या सावलीचं मोजलेलं माप घेतलं. साध्या विवरासाठी हवं ते ५.२, मोजमापाची खात्री सुमारे १७ टक्क्यांची, म्हणजे खरं माप ४.३१ ते ६.०८ च्या दरम्यान कुठंतरी. आणि मग एकामागून एक वेगवेगळी भारित विवरं शेजारी धरून पाहिली. काठोकाठ भारलेलं राइसनर-नॉर्डस्ट्रॉम विवर ४ वर येतं, ते बाद. नव्वद टक्क्यांपर्यंतचं मात्र बसतं. निबंधात ०.९० हा आकडा दिसला आणि मी माझी वही उघडली. ४.३२. बरोबर पट्टीच्या टोकावर. महिनाभर मी ज्या आकड्याशी झटत होतो तो कुणा दूरच्या माणसाच्या हातातल्या मोजपट्टीची शेवटची खूण होती.

म्हणजे त्या फोटोवरून एवढंच म्हणता येतं की एम८७ चं विवर अगदी काठोकाठ भारलेलं नाही. अगदीच थोडं, हे कबूल. पण जे म्हणता येतं ते १९१६ च्या त्या विमानवाल्या इंजिनिअरनं इलेक्ट्रॉनसाठी शिवलेल्या आणि इलेक्ट्रॉनला न बसलेल्या सदऱ्यामुळं.

पूर ओसरल्यावर मला माझी चूक सापडली. एकच चिन्ह. भाराच्या वर्गाची जी संज्ञा अधिक असायला हवी तिथं मी उणे लिहिलं होतं. एक अक्षर बदललं, ५.८१ चे ४.३२ झाले. जुनी फाइल पुसायच्या आधी सहज म्हणून उणे चिन्हाचं सूत्र कुठं भेटतं का ते शोधलं, आणि भेटलं. 'फिजिक्स लेटर्स'मध्ये, २००० साली, चार लेखकांच्या नावावर, आणि त्यांत पहिलं नाव नरेश दधीच. आपलं विश्व जास्तीच्या मितीत तरंगणाऱ्या पडद्यासारखं असेल तर त्या मितीतलं गुरुत्वाकर्षण आपल्याकडच्या कृष्णविवरावर भारासारखा ठसा उमटवतं. त्याला त्यांनी भरती-ओहोटीच्या बलावरून नाव दिलं होतं. विजेचा त्याच्याशी संबंध नाही. आणि त्याचं चिन्ह उणे असणंच जास्त स्वाभाविक. अशा विवराची सावली मोठी होते. फोटो आल्यावर लोकांनी तीही शेजारी धरून पाहिली आहे. ५.८१ त्या पट्टीत बसतं.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. "म्हंजे तुझी चूक त्यांनी आधीच करून ठेवली होती," ते म्हणाले.

"त्यांची चूक नव्हती आबा. त्यांनी मुद्दाम केलं होतं."

"तेच म्हणतोय मी," आबा म्हणाले आणि शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं.

ती फाइल मी पुसली नाही. चिन्ह आता वापरणाऱ्यानं द्यायचं, अधिक किंवा उणे. दोन्हींच्या सावल्या शेजारीशेजारी काढता येतात.